चालत्या घराचा पाया

सैन्यातून निवृत्त झालेल्या ट्रकला नागरी जीवनात प्रवेश करण्यापूर्वी आपला शत्रू कोण हे लेखी कळवावं लागतं. नियम साधा आहे. मिस्त्रींनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. लिलावात घेतलेल्या ट्रकचे कागद घेऊन ते वाहन खात्यात गेले आणि अर्जाच्या सातव्या रकान्यापाशी त्यांचं पेन थबकलं, एवढंच.

"साहेब, हा 'शत्रू' रकाना मोकळा सोडला तर?"

"मोकळा रकाना चालत नाही," वाहन निरीक्षक म्हणाले. साहेब सज्जन होते. उभ्या नोकरीत त्यांनी कुणाचा चहासुद्धा घेतला नव्हता, आणि कुणाचं कामही केलं नव्हतं. "शत्रू नसेल तर वाहन सैन्यातलं कसं? आणि सैन्यातलं नसेल तर ते निवृत्त कसं होणार?"

मिस्त्रींनी बाकावर बसलेल्या बायकोकडे पाहिलं. "अगं, शत्रू कोण लिहू?"

"धाकट्या जाऊबाई लिहा," ती क्षणाचाही विचार न करता म्हणाली.

तीन आठवड्यांनी धाकट्या जावेला टपालाने कळवण्यात आलं की, 'सदर वाहनाने आपल्याविरुद्धची कारवाई स्थगित केली असून आपण निश्चिंत राहावे.' तेव्हापासून ती मिस्त्रींच्या फाटकावरून जाताना डोक्यावर पिशवी धरते.

मिस्त्रींनी पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या ट्रकच्या बॉड्या बांधल्या होत्या. मिस्त्रीणबाईंनी तेवढीच वर्षं अंगणातून ते ट्रक जाताना पाहिले होते. कुठे जातात, असं तिने कधी विचारलं नाही. फक्त लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी बिस्किटांच्या एका डब्याच्या झाकणावर तिने एक निळं तळं पाहिलं आणि म्हणाली, "हे खरं असेल हो?" मिस्त्रींनी चौकशी केली. तळं खरं होतं. मोठ्या खिंडीपलीकडे होतं. रस्ता त्याच्या अलीकडे सतरा किलोमीटरवर संपायचा आणि पुढे नुसते धोंडे आणि ओढे. साधी गाडी जाणं शक्य नव्हतं. "बघू कधीतरी," असं ते म्हणाले आणि कामाला लागले. त्या 'कधीतरी'ला पस्तीस वर्षं झाली. मग डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाईंच्या डोळ्यांत उजेड टाकून पाहिला आणि मिस्त्रींना बाहेर बोलावून सांगितलं, "दोन उन्हाळे धरून चला. काय दाखवायचं ते दाखवून घ्या."

दुसऱ्या दिवशी मिस्त्री लिलावाला गेले.

ट्रक सहा चाकांचा होता, हिरवा, बैलासारखा गरीब डोळ्यांचा. मिस्त्रींनी त्याची ताडपत्री उतरवली, लाकडी भिंती चढवल्या, थंडी अडवायला आत कापूस भरला. शिपायांच्या समोरासमोरच्या बाकांना बिजागऱ्या लावून पलंग केला. काडतुसांच्या पेट्यांत तिखट, मीठ आणि हळद बसली. टपावरच्या ज्या भोकातून मशीनगन डोकवायची, तिथून धुणं वाळत घालायची काठी डोकावू लागली. बाई आत बसून पडद्यांना दोरी ओवायची आणि ओवता ओवता गुणगुणायची,

चाकाचं माझं घर गं, त्याला नाही कुंपण
जिथं थांबेल तिथलं गं, आभाळ माझं अंगण

"सगळं झालं," एक दिवस ती म्हणाली, "पण याला उंबरठा कुठाय?"

"गाडीला कसला उंबरठा?"

"ओलांडायला काहीतरी नको का? त्याशिवाय घरातून निघाल्यासारखं वाटत नाही मला."

मिस्त्रींनी सागाची फळी काढली, रंधा मारून रेशमासारखी केली आणि दारात बसवली. पस्तीस वर्षांत त्यांनी इतकं चांगलं काम केलं नव्हतं. तिथेच ते चुकले.

साहेब तपासणीला आले. त्यांनी टायरांवर काठी मारली, हॉर्न वाजवला, शेगडी पेटवून विझवली. सगळं नियमात होतं. मग आत शिरताना ते उंबरठ्याला अडखळले. वाकून त्यांनी तो बोटाने चाचपला आणि तिथेच पलंगावर बसून अहवाल लिहिला : 'वाहनास दार असू शकते. उंबरठा असू शकत नाही. उंबरठा हे घराचे लक्षण होय. सबब सदर वस्तू घर असून या खात्याच्या कक्षेत येत नाही.'

"साहेब, आत्ता काढतो. दोन मिनिटांचं काम."

"हात लावू नका!" साहेब दचकून उभे राहिले. "घराच्या बांधकामात विनापरवाना फेरफार? मिस्त्री, हे मी ऐकलं नाही असं समजा."

घर खातं त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर होतं. अर्ज खालून वर जायला मात्र चार महिने लागले, कारण जिना दुरुस्तीला काढला होता. मिस्त्री वर पोहोचले तर टेबलामागे साहेबच.

"या, या! बदली झाली माझी. गेल्या सोमवारीच."

मिस्त्रींच्या जिवात जीव आला. "बरं झालं साहेब. तुम्हाला तर सगळं माहीतच आहे."

"होतं," साहेब खेदाने म्हणाले. "पण खालचा कार्यभार सोपवताना माहितीही सोपवून आलो. सगळं पहिल्यापासून सांगा. काय म्हणालात, ट्रक?"

मिस्त्रींनी पहिल्यापासून सांगितलं. साहेबांनी स्वतःच लिहिलेला अहवाल प्रथमच वाचावा तसा वाचला आणि मान हलवली. "कुणी लिहिलाय? मुद्देसूद आहे. म्हणजे हे घर आहे आणि बेकायदेशीर आहे. याला पाया नाही."

"पाया नाही, चाकं आहेत."

"चाकांवरचं घर! अहो, उद्या ते कुठेही निघून जाईल."

"तेच तर हवंय, साहेब."

"तेच तर नकोय, मिस्त्री."

मिस्त्री हळूच म्हणाले, "बायकोला तळं दाखवायचंय. एक उन्हाळा गेला. एकच राहिलाय."

साहेबांनी खुर्ची पुढे ओढली आणि आवाज खाली आणला. "हे बघा, मी तुमच्या बाजूचा आहे. पाया घाला. पाया घातला की घर कायदेशीर. कायदेशीर घरात फेरफाराची परवानगी मिळते. मग उंबरठा काढा. उंबरठा गेला की ते घर राहत नाही, वाहन होतं. मग पाया फोडा आणि जा तळ्याला. आहे काय त्यात?"

खरंच, त्यात काहीच नव्हतं. मिस्त्री हरखून घरी आले.

"अहो, कामचलाऊ घाला बरं का पाया," बाई म्हणाली. "फोडायचाय आपल्याला."

"हो हो, कामचलाऊच."

पण मिस्त्रींच्या हातांना कामचलाऊ काम ठाऊकच नव्हतं. त्यांनी लोखंडी सळ्यांची जाळी बांधली, सहाही चाकं अर्ध्यापर्यंत सिमेंटात घेतली, कडा ओळंब्यात आणल्या आणि एकवीस दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं. साहेब पाहायला आले तेव्हा त्यांनी पायावर टाच आपटून पाहिली आणि म्हणाले, "असा पाया आमच्या इमारतीलाही नाही." घर कायदेशीर झालं. फेरफाराला परवानगी मिळाली. मिस्त्रींनी डोळे मिटून उंबरठा उपटला. घर संपलं आणि वाहन झालं.

आता पाया फोडायचा. पण वाहनाचा पाया फोडायची परवानगी घर खातं कशी देणार? मिस्त्री पुन्हा खाली आले. खाली तेच साहेब होते. त्यांना बढती मिळाली होती.

"आधी वाहन धडधाकट आहे की नाही, ते पाहावं लागेल," ते म्हणाले.

तपासणी कसून झाली. इंजिन पहिल्या झटक्याला सुरू झालं. साहेबांनी गिअर टाकायला सांगितला, मिस्त्रींनी टाकला. ट्रक थरथरला, गुरगुरला आणि उभा राहिला. साहेबांनी ब्रेक सोडायला लावला. ट्रक उभाच. त्यांनी तीस वर्षांच्या नोकरीत असं वाहन पाहिलं नव्हतं. प्रमाणपत्र त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं : 'ब्रेक न लावताही वाहन जागचे हलत नाही. कोणत्याही वेगात उलटण्याचा, घसरण्याचा अथवा पादचाऱ्यास इजा पोहोचवण्याचा संभव नाही. अत्यंत सुरक्षित. सर्व प्रकारच्या खडतर मार्गांवर वापरण्यास योग्य. हे प्रमाणपत्र वाहन सद्यःस्थितीत ठेवण्याच्या अटीवर देण्यात येत आहे.'

"म्हणजे पाया?"

"पाया काढलात तर ते सुरक्षित राहणार नाही," साहेब समजुतीने म्हणाले, आणि मिस्त्रींचा हात दोन्ही हातांत घेऊन त्यांनी मनापासून अभिनंदन केलं.

मिस्त्रींनी घण आणला. तीन दिवस घातला. तिसऱ्या दिवशी घणाचा दांडा मोडला. पायाचा टवकाही निघाला नव्हता.

पुतण्या जाहिरातीच्या धंद्यात होता. त्याने प्रमाणपत्र वाचलं आणि डोक्याला हात लावला, पण आनंदाने. "काका, 'सर्व खडतर मार्गांवर वापरण्यास योग्य'! असा ऑफरोड कॅम्पर, रस्ता नसला तरी जाणारं चालतं घर, कुणाकडे आहे हो? लोक कोऱ्या गाड्या घेतात आणि चिखल विकत घेऊन फासतात. तुमचा तर अस्सल लढाईतला!"

"अरे, पण तो जात नाही कुठे."

"कुणाचा जातो?" पुतण्या म्हणाला.

त्याने ट्रकवर दोन सुटी चाकं आणि एक फावडं लटकवलं. समोरच्या गोदामाच्या भिंतीवर, ट्रकमधल्या बाईच्या खिडकीपुढेच, त्याने भिंतभर फ्लेक्स लावला. काकूच्या आवडीचं म्हणून चित्र तळ्याचं घेतलं. येणाऱ्यांच्या बुटांसाठी चिखलाची बादली ठेवली. रविवारी फाटकाबाहेर रांगा लागू लागल्या. माणसं कुटुंबासह येत, बूट माखून घेत, तळ्यासमोर दूरवर पाहत उभी राहून फोटो काढून घेत आणि जेवायच्या वेळेला घरी परतत.

दुसरा उन्हाळा सरत आला. एका दुपारी मिस्त्री आत बसले असताना बाई खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "अहो, समोर निळं निळं काय हो? पाणी का?"

मिस्त्रींनी आयुष्यात खोटा सांधा कधी जुळवला नव्हता. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला.

"हो. तळं."

"पोहोचलो?"

"पोहोचलो."

"रस्त्यात धक्के कसे जाणवले नाहीत?"

"स्प्रिंगा चांगल्या बसल्यात."

ती हसली. मग दोन्ही कोपरं खिडकीत टेकवून पाहत बसली. तेव्हापासून ती रोज बसते. उजेड असतो तोवर थोडं दिसतं तिला. मध्ये काही आलं नाही तर.

मागच्या रविवारी तुम्ही आला होतात. बुटांना चिखल जरा जास्तच लावून घेतलात, मग तळ्यासमोर हात पसरून उभे राहिलात. मागून खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "जरा बाजूला होता का? पाणी दिसत नाही."

"एकच मिनिट, काकू," तुम्ही म्हणालात. "आणि तेवढं डोकं आत घ्या, फोटोत येतंय."

तिने डोकं आत घेतलं. फोटो छान आला. खाली तुम्ही एकच शब्द लिहिलात : 'पोहोचलो.'