भोपळा घेऊन ट्रायपॉड आणायला

बबनदादा कुणाच्याही घरी गेले की आधी दार उघडून बघतात. आत कोण आहे ते बघायला नव्हे, दार कसं उघडतं ते बघायला. दोन बोटांनी हळूच ढकलायचं, बिजागरीला कान लावायचा, पुन्हा ओढायचं. दार कुरकुरलं तर घरमालकाकडे असं बघतात, जसा काही त्याने गुन्हाच केलाय. फ्रिज, कपाट, देवघर, कशालाच सुट्टी नाही.

मी कर्जतला फोटो स्टुडिओ चालवते. लग्नातले फोटो माझे आणि व्हिडिओ कडावच्या बबनदादांचा, अशी आमची जोडी आहे. त्यामुळे या छंदाचे चटके मलाही बसलेत. साजगावच्या एका लग्नात मुहूर्त तोंडावर आला आणि दादा गायब. मी शोधत आतल्या खोलीत गेले, तर नवरीच्या काकांनी त्यांचं मनगट धरलेलं आणि समोर दागिन्यांचं कपाट सताड उघडं.

"मी दरवाजा उघडला नाय, काका," दादा शांतपणे सांगत होते, "नुसता फिरवला. काय गोड फिरतो बघा!"

काकांची समजूत काढेपर्यंत बाहेर टाळ्या वाजल्या. त्या व्हिडिओत नवरा-नवरी एकमेकांना हार घालताना दिसतच नाहीत, एकदम घातलेलेच दिसतात.

या वेडाचं मूळ दादांच्या जुन्या ट्रायपॉडात होतं. कॅमेरा वळवायला गेलं की तो आधी अडायचा आणि मग एकदम सुटायचा. नवरीवरून निघालेला कॅमेरा नवरदेवाला ओलांडून थेट त्याच्या मावशीवर आदळायचा. खालापूरच्या एका मावशी अजून सांगतात, आख्ख्या लग्नात शूटिंगवाल्याचं लक्ष माझ्यावरच होतं.

"निघताना कळू नये, थांबताना कळू नये," हे दादांचं पालुपद. कॅमेऱ्याबद्दल म्हणायचे, तसंच एसटीच्या ड्रायव्हरबद्दल आणि पुढाऱ्यांच्या भाषणांबद्दलही म्हणायचे.

"दादा, आता ट्रायपॉड कोण वापरतं?" मी एकदा म्हटलं. "पोरं कॅमेरा हातात धरून नवरीच्या मागे मागे फिरतात. लोकांना तेच आवडतं."

"नवरीच्या मागं फिरायला मी काय तिचा आधीचा हाय गं?"

पुढे त्यांना कुठून तरी फ्लुइड हेडचा शोध लागला. म्हणजे ट्रायपॉडचा वरचा, फिरणारा भाग. त्याच्या आत घट्ट तेलासारखं काही असतं आणि त्यामुळे कॅमेरा झटका न खाता वळतो. झालं, गडी इरेला पेटला. मोबाईलवर देशोदेशींचे व्हिडिओ बघायला लागले. एकदा चिनी भाषेतला बघत होते. मी विचारलं, "काही कळतंय का?"

"बोलणं नाय कळत. फिरणं कळतंय."

शेवटी एक दिवस फोन आला. "गाडी काढ गं, मुंबईला जायाचंय. डोळ्यानं बघून घेतो."

सकाळी कडावला त्यांना घ्यायला गेले, तर दादा पिशवी पोटाशी धरून उभे. पिशवीत भोपळा.

"हा कुणाला द्यायचाय?"

"द्यायाचा कशाला? ह्यो कॅमेरा हाय."

आदल्या दिवशी त्यांनी भाजीवाल्याच्या तराजूत एका पारड्यात कॅमेरा ठेवला होता आणि त्याच्या बरोबरीचा भोपळा निवडून घेतला होता. बुडाला स्क्रूपुरतं भोकही पाडून आणलं होतं.

"अहो, पण खरा कॅमेराच घ्या ना!"

"आनि दुकानात पडला म्हंजे? भोपळा पडला तर भाजी होते."

दुकान चकचकीत होतं. टाय लावलेला सेल्समन पुढे आला. "बोला सर, कोणता कॅमेरा वापरता?"

दादांनी भोपळा काढून काचेच्या काउंटरवर ठेवला. तो मुलगा खरोखर चांगल्या घरचा असावा. हसला नाही. फक्त टाय सैल केला.

पहिल्या ट्रायपॉडवर भोपळा चढला. दादांनी दांडा सोडला, तसा भोपळा सावकाश पुढे झुकला. "ह्यो तर पाया पडतोय," दादा म्हणाले. दुसऱ्यावर भोपळा खाली केला की आपोआप वर यायचा. "ह्यो उलट उत्तर करतो." तिसऱ्याचं सेल्समनने फार कौतुक केलं, कार्बनचा आहे, करंगळीवर उचला म्हणाला.

"मला उचलायचा नाय, उभा करायचाय," दादा म्हणाले.

चौथा दणकट होता. दादांनी भोपळा बसवला, एक डोळा मिटला, दांडा धरला आणि भोपळा दुकानभर फिरवायला सुरुवात केली. इतका हळू, की मला आधी वाटलं अडकलाच. भोपळ्याचं तोंड वळेल तसे लोक सावरून उभे राहायला लागले. एका बाईंनी केस नीट केले. दारावरच्या सिक्युरिटीने टोपी सरळ केली. भोपळा त्याच्यापाशी येऊन थांबला, तरी कधी थांबला ते कुणालाच कळलं नाही.

"ह्यो द्या," दादा म्हणाले.

"यावर सिनेमाचं काम चालतं, सर," सेल्समन म्हणाला. "आपण काय शूट करता?"

"घरचंच," दादा म्हणाले.

आता लग्नांचा सीझन गाजवू, असं मी घरी येता येताच ठरवून टाकलं. पण पुढच्याच लग्नात दादा जुना ट्रायपॉड घेऊन हजर! नवरीवरून निघालेला कॅमेरा पुन्हा मावशीवर. मी चिडले. "तो नवा काय देव्हाऱ्यात ठेवायला आणला?"

"उद्या कळंबला चल," ते एवढंच बोलले.

कळंब म्हणजे दादांची सासुरवाडी. त्यांची बायको, मंदावहिनी, तिथली. वहिनी आजारी असतात, बाहेर पडत नाहीत, एवढंच मला माहीत होतं. बाकीचं दादांनी दुसऱ्या दिवशी गाडीत सांगितलं. वहिनींच्या कानाचं दुखणं आहे. मान पटकन वळली तरी घर गरगर फिरतं. रिक्षात बसल्या तर नाक्यापर्यंतसुद्धा जाववत नाही. माहेरी जाऊन वर्षं झाली. आई थकलेली, तिलाही इकडे येववत नाही.

"मी शूटिंग करून दाखवायचो. पन कॅमेऱ्यानं झटका खाल्ला की ती डोळं मिटून घ्यायची. एका जागी ठेवला तर म्हनायची, भिंतच दावतोस, बाजूला काय हाय ते दाव की." दादा खिडकीबाहेर बघत होते. "तिला बाजूला बघायचं असतं गं."

कळंबला त्यांनी अंगणात नवा ट्रायपॉड मांडला. गोठ्यापासून सुरुवात केली, मग विहीर, पेंढ्याची उडवी, ओटी आणि ओटीवर सुपात तांदूळ घेऊन बसलेली म्हातारी.

संध्याकाळी कडावला वहिनी टीव्हीसमोर पाटावर बसल्या, दोन्ही हात जमिनीला टेकवून. चित्र सुरू झालं. गोठा सरकला. विहीर आली. वहिनींचे डोळे उघडेच होते. "रहाटाची दोरी नवी घातली वाटतं," त्या पुटपुटल्या. दादा टीव्हीकडे बघतच नव्हते. दाराला टेकून ते वहिनींकडे बघत होते.

चित्र ओटीवर आलं. म्हातारीने सूप खाली ठेवलं, कॅमेऱ्याकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, "मंदे, जेवलीस का गं?"

"जेवले गं आये," वहिनी म्हणाल्या.

चुलीवर भात नुकताच चढला होता.