म्हशीच्या खालच्या ओळीत उंट

हात हलतो म्हणून माझं, म्हणजे आप्पाराव सेक्रेटरीचं, काम कधी अडलं नाही, हे मी हिवरखेडीत सगळ्यांना ऐकवून ठेवलं होतं.

हात किती हलतो म्हणाल, तर चहात साखर टाकून कप नुसता माझ्या हातात द्यायचा; चमचा लागत नाही. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, घाबरू नका. मी घाबरलो नाही. सही करताना डाव्या हातानं उजवा धरायचो. पण सोसायटीत कॉम्प्युटर आला, आणि मी माऊस धरला की पडद्यावरचा बाण तापल्या तव्यावरच्या लाहीसारखा उडायला लागला.

त्यात तो दुष्काळ. आमच्या तळ्यातल्या बेडकांनी बिऱ्हाडं हलवली होती. जी सोसायटी गावातल्या जनावरांची माहिती कॉम्प्युटरवर भरून पाठवील, तिच्या गावाला चारा छावणी मिळणार होती. मुदत दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत.

चतुराबाई सकाळीच सोसायटीच्या दारात येऊन बसली.

"आप्पा, भरतो ना आज? न्हाईतर माज्या म्हशी बाजारात न्याव्या लागत्याल. खाटीक रोज दारात येऊन बघून जातोय."

"भरतो की. निवांत बस."

आमचा काट्यावरचा बिभीषण बराच वेळ माझ्या हाताकडं बघत होता. म्हणाला, "उधळ्या गुराच्या गळ्यात लोढणं बांधतो का न्हाई आपण? तसं हाताला बांधू."

त्यानं काट्यावरचं दोन किलोचं लोखंडी माप आणलं आणि सुतळीनं माझ्या मनगटाला आवळलं. काय सांगू, हात असा थांबला की जणू दुसऱ्याचाच! दिवसभर मी जनावरं भरली आणि पडद्याकडं बघायचं सोडून कौतुकानं हाताकडंच बघत बसलो.

वजनानं हात जरा मागं ओढला जात होता, एवढंच. त्यामुळं बाण दर वेळी एक ओळ खाली उतरायचा. अर्जातल्या ओळी अशा होत्या: बैल, गाय, म्हैस, उंट. गावातल्या बैलांच्या गायी झाल्या, गायींच्या म्हशी झाल्या, आणि म्हशींचे उंट. संध्याकाळी अर्ज तसाच पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तालुक्याहून साहेबांचा फोन आला.

"सेक्रेटरी, तुमच्या गावात एवढे उंट?"

चूक झाली म्हणावं तर अर्ज बाद, आणि चतुराबाईच्या म्हशी बाजारात. मी म्हणालो, "आहेत की साहेब. पूर्वीपासून."

"कशाला पाळता?"

"पाणी कमी लागतं."

साहेबांना ते पटलं. म्हणाले, "दुपारी बघायला येतो."

नदीच्या कोरड्या पात्रात मेंढरं घेऊन काठेवाडी उतरले होते. बिभीषण त्यांच्याकडून एक उंट मागून घेऊन आला. उंटानं सोसायटीपुढचं लिंबाचं झाड पत्र्याच्या उंचीपर्यंत सोलून काढलं, आणि साहेब पोचले तेव्हा तो खिडकीतून कॉम्प्युटर बघत होता.

साहेबांनी चतुराबाईला विचारलं, "बाई, बाकीचे उंट कुठंयत? तुमच्या नावावर दोन आहेत."

"माज्या म्हशी हायत साहेब. दूध काढून दावू का?"

"मग हा कोणाचा?"

"ह्यो सोसायटीचा दिसतोय. आप्पाला इचारा."

मग मी सुतळी आणि माप साहेबांपुढं ठेवलं आणि सगळं सांगितलं. साहेब रिटायरमेंटला आलेले, शांत माणूस. हसले नाहीत.

"हा अर्ज रद्द करतो," म्हणाले. "मुदत संपायच्या आत नवा भरा. माझ्यासमोर. आणि ते लोढणं नको."

मी माऊस धरला. बाण उडाला. मला आधार द्यायला साहेबांनी माझ्या हातावर हात ठेवला, तसा तो दुप्पट उडाला.

"माझाही हलतो," साहेब हळूच म्हणाले. "टेबलावर बसवत नाही म्हणून तर पाहणीचं काम मागून घेतलं."

थोडा वेळ आमचे हात एकमेकांशी भांडले. मग माझा डावीकडं निघाला की त्यांचा उजवीकडं जायला लागला, आणि बाण मधोमध खुंटा मारल्यासारखा उभा राहिला. खोटं वाटत असेल तर बिभीषणला विचारा. सगळं गाव पडद्यापुढं जमलं. दर ओळीला चतुराबाई विचारायची, "म्हैसच का?"

"म्हैसच."

दिवस मावळायच्या आत अर्ज गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

चार दिवसांनी छावणी मंजूर झाली. झालं एवढंच, की अर्जाच्या अगदी वरच्या रकान्यात गावाचं नाव निवडायचं होतं, आणि तो रकाना आम्ही हातांचं भांडण मिटायच्या आत भरला होता. हिवरखेडीच्या खालची ओळ हिवरगव्हाणची. सगळे म्हशींवर डोळे लावून बसलेले. वर कोण बघतो?

आता रोज सकाळी आमची जनावरं ओढा ओलांडून हिवरगव्हाणला चरायला जातात. चतुराबाईच्या म्हशी तुकतुकीत झाल्यात. परवा हिवरगव्हाणच्या सरपंचांनी छावणीतच माझा सत्कार ठेवला. शाल घातली आणि भाषणात म्हणाले, "असा सेक्रेटरी आमच्या गावाला मिळायला पाहिजे होता."

चतुराबाई पुढंच बसली होती. म्हणाली, "मंग ठेवून घ्या की."