निसरड्या तळ्याचा बंदोबस्त

बर्फ निसरडा असतो, ही गंभीर बाब आमच्या श्टाइनविंकल गावाच्या निदर्शनास गेल्या नाताळात आली. त्याआधी आल्प्सच्या कुशीतलं आमचं तळं पिढ्यान्‌पिढ्या गोठत होतं. पोरंसोरं, म्हातारेकोतारे त्यावर पडत होते, उठत होते आणि घरी जाऊन सूप पीत होते. मग व्हिएन्नाहून आलेले एक पाहुणे तळ्यावर सपशेल बुडावर आपटले. माझ्या खानावळीत उशीवर बसून गरम वाइन पिता पिता ते म्हणाले, "बर्फ निसरडा आहे, हे मला कुणीही कळवलं नव्हतं. याला जबाबदार कोण?"

सरपंच एंगेलबर्टनं माझ्याकडे पाहिलं, मी पाववाल्याकडे, पाववाल्यानं छताकडे. हा प्रश्न आजवर गावात कुणी विचारलाच नव्हता, त्यामुळे उत्तर तयार नव्हतं. उत्तर तयार नसलं की समिती नेमतात. तशी 'तळे सुरक्षा समिती' नेमली गेली. मीही तिच्यात गेलो, कारण बैठका माझ्याच खानावळीत होणार होत्या.

यंदा तळं गोठल्याबरोबर आम्ही काठाजवळ, कंबरभर पाण्यावरच्या बर्फावर, पहिला लोखंडी फलक रोवला: 'सावधान. बर्फ निसरडा आहे.' तो वाचायला थांबलेल्या एका बाईंवर, तोच वाचत येणारे एक गृहस्थ जाऊन आदळले. म्हणून दुसरा फलक: 'फलक वाचताना समोर पाहावे.' अंधारात फलक दिसेनात, म्हणून दिवे. दिव्यांसाठी जनरेटर, जनरेटरसाठी खोली. खोलीला आगीचा धोका, म्हणून शेजारी आगीचा बंब. बंबाला पाणी जवळ हवं, म्हणून बर्फाला भोक. भोक धोक्याचं, म्हणून भोकाभोवती कठडा, आणि कठड्यावर फलक: 'बर्फाला भोक पाडू नये.' शेवटी कुणी घसरूच नये म्हणून सगळीकडे वाळू पसरली.

प्रत्येक ठरावाला आम्ही झाडून सगळ्यांनी हात वर केले. न करून सांगता कुणाला? उद्या कुणी पडलं तर ज्याचा हात खाली होता त्यालाच धरतील!

वाळू पाहून मात्र वाल्पुर्गाचं डोकं फिरलं. ती भर बैठकीत घुसली. "एंगेलबर्ट, मेल्या, वाळूवर माझा श्टॉक सरकणार कसा?"

श्टॉक म्हणजे दांडा लावलेली जाड लाकडी चकती. ती बर्फावरून सरकवत लांबच्या ठोकळ्याला भिडवायची. दर हिवाळ्यात आमचा सामना पलीकडच्या काठावरच्या मूसडॉर्फशी होतो आणि हरलेल्या कर्णधारानं जिंकलेल्याला पाठुंगळी घेऊन तळं ओलांडायचं, असा रिवाज आहे. मूसडॉर्फचा कर्णधार कोर्बिनियान. त्याला वाहून वाहून आमचे दोन कर्णधार कमरेतून गेले. यंदा सत्तरी ओलांडलेल्या वाल्पुर्गानं हट्टानं कर्णधारपद घेतलं होतं. कारण पन्नास वर्षांपूर्वी ह्याच कोर्बिनियाननं तिच्याशी लग्न ठरवलं, आणि ऐन मुहूर्ताला स्वारी चर्चकडे फिरकलीच नाही. आता तो कायमचा लेकीकडे व्हिएन्नाला निघाला होता. म्हणजे त्याच्या पाठीवर बसायचं तर ह्याच हिवाळ्यात, नाहीतर राहिलंच.

"आणि हरलीस तर?" मी विचारलं.

"तर वाहीन मेल्याला. आणि मधेच टाकून देईन."

सरपंचानं घसा साफ केला. "बाई, घसरणाऱ्या वस्तूला समिती परवानगी देऊ शकत नाही. पण आम्ही मधला मार्ग काढलाय. श्टॉकला दोरी बांधायची. दोरी आमचा स्वयंसेवक धरेल."

"मग नेम कुणाचा? माझा की त्याचा?"

"सुरक्षिततेचा," सरपंच म्हणाला. आम्ही हात वर केले.

सामन्याच्या दिवशी जिल्ह्याहून निरीक्षकसाहेब आले. वाळू, कठडा, बंब पाहून त्यांना भरून आलं. फीत कापायला अख्खी समिती हेल्मेट घालून खोलीसमोर गोळा झाली. अग्निशमन दलाचा बँड भलेमोठे पितळी भोंगे घेऊन बर्फावर चढला. ह्या गडबडीत दोन्ही संघ गुपचूप तळ्याच्या मध्यावर सटकले. तो भाग आम्ही 'असुरक्षित' जाहीर केला होता, कारण तिथे एकही फलक नव्हता आणि वाळूही तिथवर पुरली नव्हती. मी वाइनचं पातेलं घेऊन त्यांच्यामागे गेलो. खेळाडूंना थंडी वाजते हो!

"वाल्पी, वजन किती गं तुझं हल्ली?" कोर्बिनियाननं डिवचलं.

"कळेलच तुला. घाई काय आहे? तुला वाट बघायची सवय नसेल, मला आहे."

शेवटचा डाव. तिचा श्टॉक सुळकन गेला आणि ठोकळ्याला चिकटून थांबला. त्याचा जेमतेम वीतभर लांब राहिला. आम्ही टोप्या उडवल्या. त्याच क्षणी काठाकडून कडकड आवाज आला. मला वाटलं, बँडची नवी चाल असेल. पण पहिला फलक कलला, त्याच्यावर दुसरा, मग दिवे, जनरेटर, खोली, आणि घंटा वाजवत बंब. समिती, साहेब आणि बँड, सगळे कंबरभर पाण्यात! इजा कुणालाच झाली नाही. भोकाभोवतीचा कठडा तेवढा ताठ उभा होता.

सगळे कुडकुडत काठावर आले, तोवर मध्यावरून वरात निघाली. खाली दुखऱ्या गुडघ्याचा कोर्बिनियान, वर वाल्पुर्गा, मागे पातेलं घेऊन मी. साहेबांच्या मिशांना बर्फ धरला होता, तरी ते गरजले, "थांबा! हेल्मेट नाही, फलक नाही! काही झालं तर जबाबदार कोण?"

सरपंचानं माझ्याकडे पाहिलं, मी पाववाल्याकडे. पाववाल्याला छत मिळेना, म्हणून त्यानं आभाळाकडे पाहिलं.

"हा!" वाल्पुर्गा वरून ओरडली. "हाच जबाबदार! पन्नास वर्षं झाली!"

कोर्बिनियान थांबला. धापा टाकत होता. "हो," तो म्हणाला.

"मोठ्यानं बोल."

"मीच! मीच जबाबदार!"

वाल्पुर्गाचे डोळे भरून आले. तिनं त्याची कानटोपी सरळ केली. "चल आता. हळूहळू. मला काही घाई नाही."

साहेब तोंड उघडं टाकून बघतच राहिले. उभ्या नोकरीत त्यांना ह्या प्रश्नाचं उत्तर कधी मिळालं नव्हतं. मग त्यांना शिंक आली.

संध्याकाळी गरम पाण्यात पाय सोडून समितीनं कारणमीमांसा केली. अपघाताचं मूळ बर्फात आहे, हे उघड होतं. सबब पुढील हिवाळ्यात तळ्यानं गोठू नये, असा ठराव सर्वानुमते झाला. हात माझाही वर होता.

हसताय? हसा, हसा. पण तळं काही ठराव वाचत नाही, ते गोठणार. तुम्हीही सुट्टीला याल, बर्फावर पाय सटकेल, आणि कपडे झटकायच्या आधी तुम्ही मान वर करून काय विचाराल, ते मला पाठ आहे. पहिला फलक आम्ही पाण्यातून काढून पुसून ठेवलाय. तुमचीच वाट बघतोय.