नऊ-दहाची बस आणि आभाराचे पोहे

मानवी संस्कृतीचा इतिहास म्हणजे चाकाचा इतिहास, असं श्यामकांत वर्तकांचं ठाम मत होतं. हे मत ते रोज सकाळी चालता चालता मांडत. चालण्याला इलाज नव्हता. दहिसरच्या नदीपलीकडे उभ्या राहिलेल्या 'नंदनव्हॅली' या आठ टॉवरांच्या नव्या वसाहतीत संस्कृती भरपूर होती, चाक तेवढं येत नव्हतं.

बिल्डरच्या माहितीपत्रकात स्टेशन सात मिनिटांवर होतं. कशाने, ते लिहिलेलं नव्हतं. रिक्षावाले 'नंदनव्हॅली' ऐकलं की "रिटर्न भाडा नहीं मिलता" म्हणून मान फिरवत. माहितीपत्रकात संगीतावर नाचणारं कारंजंही होतं. ते फाटकाच्या आत, भल्यामोठ्या गोल चौकाच्या मध्यभागी प्रत्यक्षात होतं, पण त्यात पाण्याचा थेंब कधी पडला नाही. कबुतरं तिथे सभा घेत. "पाणी सोडा, नाहीतर कारंजं पाडून चौकात बाग करा" अशी अकरा पत्रं श्यामकांतांनी बिल्डरला धाडली होती. विमा कंपनीत चौतीस वर्षं पत्रव्यवहार सांभाळलेला माणूस, पत्र लिहिल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे.

बससाठीही त्यांनीच डेपोला पत्रं लिहिली होती, आणि ती निकडीने लिहिली होती. त्यांच्या पत्नीचा, क्षमाबाईंचा गुडघा बदलून तीन आठवडे झाले होते. दिवसाआड सकाळी दहाला बोरिवलीत व्यायामाला जायचं होतं. व्यायाम घेणारी शर्मिष्ठा घड्याळाची पक्की. दहा मिनिटांपेक्षा जास्त उशीर झाला की पुढचा पेशंट आत. आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "सहा आठवड्यांत गुडघा शंभर अंशांपर्यंत वाकला नाही, तर पुन्हा भूल देऊन वाकवावा लागेल." सध्या तो ऐंशीला अडला होता.

अशा वेळी बस आली. नंदनव्हॅली ते बोरिवली, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी. पंधरा दिवसांच्या चाचणीवर. जमलं तर कायम, नाहीतर बंद.

श्यामकांतांचे डोळे भरून आले. इथूनच सगळं बिघडलं.

पहिल्या दिवशी त्यांनी ड्रायव्हर बाळा परब आणि कंडक्टर प्रेमा घाडी यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. प्रास्ताविक स्वतः केलं. त्यात चाकाचा शोध आला. बस नऊ एकोणचाळीसला सुटली. क्षमाबाई बसच्या खिडकीतून बघत होत्या. दहा वाजून एकोणतीस मिनिटांनी त्या बोरिवलीत पोहोचल्या, तेव्हा त्यांच्या जागी दुसऱ्याच बाईंचा गुडघा वाकत होता.

"तुमच्या आभाराला अर्धा तास लागतो," घरी आल्यावर त्या म्हणाल्या. "माझ्या गुडघ्याकडे तेवढा वेळ नाही."

"अगं, आजच्या दिवस. सत्कार काय रोज असतो?"

रोज नव्हता. दुसऱ्या दिवशी नुसते कांदेपोहे होते, ए विंगतर्फे. बी विंगला ते लागलं. त्यांनी तिसऱ्या दिवशी उपमा आणि वर शिरा केला. सी विंगची साबुदाण्याची खिचडी झाली. डी विंगची थालीपिठं गरमच हवीत म्हणून शेगडी थेट थांब्यावर आली. महिला मंडळाच्या अध्यक्षा इरावती प्रधान यांना सवाष्ण कंडक्टर रिकाम्या ओटीने जाते हे बघवेना. मग रोज पाच जणी प्रेमाची ओटी भरू लागल्या. एके दिवशी तिच्या तिकिटाच्या मशीनमधून तिकिटाबरोबर तांदूळ बाहेर आले.

बाळा परबांना नाही म्हणता येत नव्हतं. "पानात वाढलेला नाय म्हणूचा नसता," ते प्रेमाला सांगत. "आवशीन शिकवल्यान." आणि आईची शिकवण म्हणून दुसरं थालीपीठ घेत. एक दिवस सोडला, तर गाडी रोज वीस ते पस्तीस मिनिटं उशिरा. पहिल्या आठवड्यात क्षमाबाईंचा व्यायाम झाला एकदा, हुकला तीनदा. गुडघा ऐंशीवरून ब्याऐंशीवर आला.

आठव्या दिवशी प्रेमाने श्यामकांतांना बाजूला घेतलं.

"काका, रागावू नका. तुमच्या पोह्यांनी ही गाडी बंद पडणार."

"म्हणजे? पोहे कच्चे होते?"

"पोहे झकास होते. पण वेळेच्या नोंदीत रोज उशीर लागतोय. डेपोत म्हणतात, हा रस्ता चालत नाही. शनिवारी राऊतसाहेब स्वतः गाडीत बसून येणारेत. बघतील आणि ठरवतील."

श्यामकांत कारंज्याच्या कठड्यावर मटकन बसले. कबुतरं उडाली. त्या संध्याकाळी क्षमाबाईंनी त्यांना काहीही ऐकवलं नाही. त्या फक्त वॉकर धरून हॉलमध्ये फेऱ्या मारत राहिल्या, आणि वळताना दर वेळी ओठ दाबत. ते ऐकवण्यापेक्षा जास्त लागलं.

शुक्रवारी त्यांनी तातडीची सभा बोलावली.

"उद्या कोणीही कृतज्ञता दाखवायची नाही," त्यांनी जाहीर केलं. "चहा नाही. ओटी नाही. ड्रायव्हरशी बोलायचं नाही, हसायचं नाही. रांगेत उभं राहायचं, चढायचं, बसायचं."

"नुसतं 'बरंय ना' म्हटलं तर?" इरावतीबाईंनी विचारलं.

"मागच्या सोमवारी तुम्ही 'बरंय ना' म्हणालात, बाळा परबांनी तुम्हाला कणकवलीच्या घराची कौलं कशी शाकारली ते अकरा मिनिटं सांगितलं. बरंय ना नाही."

शनिवार उजाडला. वसाहतीने शिस्त पाळली, आणि ती जरा जास्तच पाळली. रांगेत पुढे हास्यक्लबचे सोळा ज्येष्ठ होते, आपल्या नेहमीच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्यांत, न हसता. त्यांच्या मागे बायका, पदर सावरून, नजर जमिनीवर. सगळ्यांच्या पुढे श्यामकांत, हात जोडून, कारण हातांचं काय करायचं हे सभेत ठरलं नव्हतं. क्षमाबाईंना पायऱ्या उतरायला वेळ लागत होता, म्हणून त्या मागाहून येत होत्या.

नऊ दहाला बस चौकात शिरली आणि कारंज्याला वळसा घालून थांबली. बाळा परबांनी समोर बघितलं. शेगडी नव्हती. पांढरे कपडे होते. खाली घातलेल्या माना होत्या. आणि एरवी पुढच्या दाराशी उभी असणारी वॉकरवाली काकी नव्हती.

त्यांनी इंजिन बंद केलं आणि खाली उतरले.

"काका," ते हळूच म्हणाले, "काकी खंय?"

बोलायचं नाही असं श्यामकांतांनीच ठरवलेलं. त्यांनी मान आणखी खाली घातली.

"अरे देवा," बाळा परब म्हणाले आणि त्यांनी श्यामकांतांना मिठी मारली. "बुधवारी माका चकली दिल्यान हो. म्हणाली, डब्यात ठेव, दुपारी खा."

प्रेमाही खाली उतरली आणि डोळ्यांना रुमाल लावून उभी राहिली. ते बघून इरावतीबाईंना वाटलं, खरंच कोणीतरी गेलं असणार आणि आपल्याला कळवलं नाही. त्या रडू लागल्या. मागच्या दारातून हातात मोजायची टेप घेतलेले डेपोचे मुकुल राऊत उतरले, परिस्थिती बघून त्यांनी हात जोडले, दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिले, आणि मग लोकांना त्रास नको म्हणून कारंज्यापलीकडे जाऊन काहीतरी मोजत बसले. श्यामकांत मिठीत गुदमरत "नाही हो, नाही हो" म्हणत होते. तशा प्रसंगी सगळेच म्हणतात, त्यामुळे कोणी लक्ष दिलं नाही.

नऊ बावीसला क्षमाबाई वॉकर टेकत आल्या.

"कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

बाळा परबांनी मिठी सोडली. त्यांनी एकदा काकींकडे बघितलं, एकदा काकांकडे.

"बाळा," क्षमाबाई म्हणाल्या, "रडून झालं असेल तर गाडी काढ. दहाला माझा नंबर आहे."

"बसा काकी," बाळा परब डोळे पुसत म्हणाले. "आज पोचवतंयच."

आणि त्यांनी पोहोचवलं. सगळे सिग्नल त्यांना हिरवे लागले, की त्यांनी तसे मानले, हे क्षमाबाईंनी पुढे कधी सांगितलं नाही. दहा वाजून नऊ मिनिटांनी त्या शर्मिष्ठासमोर होत्या. त्या दिवसापासून एकही दिवस चुकला नाही, कारण थांब्यावर आता एक पाटी होती: 'आभार मनातल्या मनात मानावेत.' सहाव्या आठवड्याच्या शेवटी गुडघा एकशे चार अंशांत वाकला. श्यामकांतांनी तो आकडा स्वतः कॅलेंडरवर लिहिला.

डेपोचं पत्र त्याआधीच, चाचणी संपता संपता आलं होतं. श्यामकांतांनी ते सभेत उभं राहून वाचलं. वाचण्यापूर्वी घसा खाकरून ते म्हणाले, "हे आपल्या सर्वांच्या शिस्तीचं, आणि काही अंशी पत्रव्यवहाराचं यश आहे."

पत्र पुढीलप्रमाणे होतं. 'सदर मार्गावरील वेळेची शिस्त असमाधानकारक आहे. तथापि, नदीअलीकडील जुन्या शेवटच्या थांब्यावर खोदकाम सुरू असल्याने तेथे गाडी वळत नाही. आपल्या आवारातील गोल चौकात (मध्ये कारंजे, कोरडे) मोजणीअंती गाडी एका दमात वळते. सबब मार्ग कायम करण्यात येत आहे.'

इरावतीबाईंनी विचारलं, "म्हणजे त्या चौकात बाग झाली असती तर?"

श्यामकांत खाली बसले. घरी जाऊन त्यांनी बिल्डरला बारावं पत्र लिहिलं: आधीच्या अकरा पत्रांचा कृपया विचार करू नये. पत्राचा भरवसा नको म्हणून सोमवारी ते स्वतः, नऊ-दहाच्या बसने, बिल्डरच्या ऑफिसात गेले.

अकराही पाकिटं तिथे एका खोक्यात होती. एकही फोडलेलं नव्हतं.