जादा निघालेली सुकेळी

गोदामात माल कमी भरला तर भांडायचं कसं, हे लतिकाला ठाऊक होतं. पण गोदामवाल्या फेबियनने फोन करून "मॅडम, तुमचा माल जादा निघालाय," असं सांगितलं, तेव्हा काय बोलावं हेच तिला सुचेना.

एव्हरशाईन सिटीतल्या आपल्या इमारतीच्या गच्चीवर ती राजेळी केळी वाळवायची. त्यांची सुकेळी पाकिटांत भरून, 'आयची सुकेळी' असं लेबल लावून वालीवच्या गोदामात पोचवायची. ऑनलाइन ऑर्डर आली की पुढचं पॅकिंग, कुरिअर सगळं फेबियनकडे. या खेपेला तिने साठ पाकिटं दिली होती. मोजणीत शंभर भरली.

"दुसऱ्या कुणाची असतील," गोदामात पोचताच ती म्हणाली.

"लेबल बघा ना, सेम नाव. कम्प्युटरने सगळी तुमच्याच खात्यावर चढवली." फेबियन घाम पुसत म्हणाला. "वरून दुसऱ्या एका पार्टीचा माल गायब. ती बाई सकाळपासून फोनवर डोकं खातेय."

लतिकाने एक पाकीट फोडलं. एक सुकेळं तोंडात टाकलं आणि ती तिथल्याच खोक्यावर बसली. गच्चीवर इतकी वर्षं खटपट करूनही ही चव तिला साधली नव्हती. आय गेल्यावर ती चव एकाच हातात उरली होती. थोरल्या बहिणीच्या, कमळीच्या.

कमळीने आपल्या मुलाच्या, सुरजच्या लग्नाचं आमंत्रण लतिकाला व्हॉट्सअॅपवर धाडलं होतं. घरी येऊन बोलावलं नाही म्हणून लतिका लग्नाला गेली नाही. ती आली नाही म्हणून कमळीने बोलणं टाकलं. कमळीचं गाव, होळी, रिक्षाने अर्ध्या तासावर. पण एकदा रुसल्यावर तेवढं अंतरही लतिकाला कापता येत नव्हतं. संध्याकाळी गच्चीवर केळी परतताना ती पश्चिमेला, त्या गावाकडे बघत राही, एवढंच.

"त्या पार्टीला सांगतो, माल मिळाला," फेबियन म्हणाला.

"थांबा! माल तिचाच कशावरून? आधी खात्री करा. आणि फोन स्पीकरवर ठेवा."

"कोन?" पलीकडून आवाज आला. तोच. जरा बसलेला. लतिकाने हातातलं पाकीट खाली ठेवलं.

"विचारा, केळी कुठली," ती कुजबुजली.

फेबियनने विचारलं.

"घरची, वाडीतली. आनि कुटली असनार?"

"सून मदत करते का, विचारा."

"ती नोकरीला जाते. मी एकटीच करते. माल मिलाला का, ते सांग!"

"गुडघे कसे आहेत?" लतिका पुटपुटली.

फेबियनने फोनवर हात ठेवला. "मॅडम, हे कम्प्युटरमध्ये कुठे भरू?"

"विचारा हो."

"मावशी, तुमचे गुडघे कसे आहेत?"

 पलीकडचा आवाज खाली आला. "लते, तू हायस ना तिथं?"

लतिकाने जोरजोरात मान हलवली.

"नाही म्हणतायत," फेबियनने प्रामाणिकपणे सांगितलं.

दुपारी कमळी रिक्षाने गोदामात हजर झाली. लतिकाकडे न बघता तिने ढिगातलं एक पाकीट उघडलं, चाखलं.

"लवकर काढलीस उन्हातून. लहानपनापासून घाई तुला."

"दाखवायला कोण होतं?"

"बोलवायचं होतंस."

"कसं? व्हॉट्सअॅपवर?"

फेबियन खोक्यांमागे सरकला. कमळीने बहिणीकडे रोखून पाहिलं. आधी तिचा पदर हलला, मग खांदे, आणि मग ती इतकी हसली की डोळे पुसावे लागले. लतिकाचे आधीच ओले होते.

मग दोघींनी मिळून पाकिटं निवडली. शंका आली की फोडून चाखायचं. फेबियनने उरलेला माल दोन खात्यांवर वेगवेगळा चढवला आणि सुस्कारा सोडला.

"आता एकीने फक्त नाव बदला. नाहीतर पुन्हा घोळ होईल."

"आपन का बदलायचं?" कमळी बहिणीकडे वळून म्हणाली. "आय काय दोन होत्या?"

लतिकाने दोघींची पाकिटं एकाच खोक्यात भरायला घेतली. 

फेबियनने दोघींकडे पाहिलं, स्क्रीनकडे पाहिलं, आणि नुकतीच वेगळी केलेली दोन खाती मुकाट्याने पुन्हा एक करायला बसला.