जावईबापूंना उतरता येईना

रविवारी सकाळी मैत्रिणीकडे निघालेल्या बायकोच्या स्कूटरचा आवाज कोपऱ्यावर विरून जाईपर्यंत जावईबापू खिडकीत उभे राहिले. मग खालच्या मजल्यावरचे घरमालक पिशवी घेऊन भाजी आणायला निघाले, तेही त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. घड्याळात दहा वाजून सात मिनिटं झाली होती. मालक पावणेअकराला परत येतात आणि अकराला वर येणार आहेत. म्हणजे अर्धा तास निर्धोक. जावईबापू पलंगाखाली वाकले आणि त्यांनी रोलर बाहेर ओढले.

त्यांना सगळी इमारत जावईबापूच म्हणत असे, कारण त्यांच्या सासूबाई त्यांना तशी हाक मारत आणि सासूबाईंचा आवाज चारही मजल्यांना पुरे. व्यवसायाने ते कवळ्या बनवत. दिवसभर मान खाली घालून लोकांचे दात घासून घासून त्यांची पाठ आखडली, तेव्हा डॉक्टरांनी सायकल सुचवली. पाठ सुटली, पण सायकलचं वेड मागे लागलं. पुढच्या रविवारी साठ किलोमीटरची शर्यत होती. रस्त्यावर सराव करायला वेळ मिळत नव्हता, म्हणून घरातल्या घरात रोलर.

रोलर म्हणजे लोखंडी चौकटीत बसवलेली तीन गुळगुळीत नळकांडी. दोन सायकलच्या मागच्या चाकाखाली, एक पुढच्या. सायकल कशालाही बांधलेली नसते. पाय मारत राहिलं तरच ती उभी राहते, आणि नजर जिकडे वळेल तिकडे तीही वळते. त्यात जावईबापूंचे बूट नवे, पेडलमध्ये खटकन अडकणारे. टाच बाहेर वळवली की ते सुटतात. पण टाच वळवताना हाताला काहीतरी आधार लागतो. तो आधार म्हणजे डाव्या बाजूचं लोखंडी कपाट. त्याची मूठ धरून ते चढत आणि तीच धरून उतरत.

अडचण होती ती मालकांची. गुरुवारी दाराला चिठ्ठी लावलेली सापडली होती. ‘रविवारी अकराला येतो. वरच्या आवाजाबद्दल बोलायचं आहे.’ घराचा करार याच महिन्यात संपत होता. बायकोच्या हॉस्पिटलपासून चालत पाच मिनिटं, सासूबाईंच्या गुडघ्यांना झेपेल असा पहिला मजला, असं घर त्यांना वर्षभर वणवण केल्यावर मिळालं होतं.

“घर गेलं ना, तर त्या रोलरवर संसार मांड,” बायको म्हणाली होती. तेव्हापासून तीन दिवस रोलर पलंगाखाली होते. पण शर्यत तोंडावर आलेली, पाय शिवशिवत होते. जावईबापूंनी कपाटाची मूठ धरली, स्वार झाले आणि दोन्ही बूट खटखट अडकवले. घर्रर्र असा एकसुरी आवाज खोलीत भरला.

वीस मिनिटं झकास गेली. मग दारावरची बेल वाजली.

“मी बघते,” म्हणत सासूबाई उठल्या. जावईबापूंनी समोरच्या घड्याळाकडे पाहिलं. मालक? आत्ताच? पण दारात दोन हमाल होते.

“कपाट न्यायला आलोय. संध्याकाळचं सांगितलं होतं, पण टेम्पो आत्ता मोकळा आहे.”

हे कपाट मेहुण्याला द्यायचं ठरलं होतं, हे जावईबापूंना माहीत होतं. पण ठरलं होतं संध्याकाळी. हमालांनी भराभर कपाट रिकामं केलं आणि आतलं सामान तिथेच जमिनीवर मांडलं. काचेच्या बरण्या, चहाचा सेट, इस्त्री, आजेसासऱ्यांची फोटोफ्रेम.

“थांबा!” जावईबापू समोरच्या भिंतीकडे बघत ओरडले. मान वळवायची सोय नव्हती. “ते नेऊ नका!”

“अहो, तुमच्याच मेहुण्याकडे चाललंय,” सासूबाई म्हणाल्या. “लोखंडावर किती जीव लावायचा माणसानं!”

“मला उतरायला लागतं ते!”

“उतरवतायत ना! चांगले दोघं आहेत, जिन्यावरून अलगद उतरवतील.”

“काका, तुम्ही चालू द्या,” एक हमाल समजूतदारपणे म्हणाला. “तुमची आम्हाला काही अडचण नाही.”

कपाट डोळ्यांच्या कोपऱ्यातून सरकत सरकत दिसेनासं झालं. डावीकडे आता काचेच्या बरण्या होत्या. उजवीकडे मालकांनी घराबरोबर दिलेलं, वरपासून खालपर्यंत काचेचं शोकेस. मध्ये जावईबापू. समोर घड्याळ, दहा चौतीस.

“आई,” ते शक्य तितक्या शांतपणे म्हणाले, “मला उतरता येत नाहीये.”

“म्हणजे?”

“पाय थांबवले की मी पडणार. आणि बूट अडकलेत.”

सासूबाईंनी बरण्यांकडे पाहिलं, शोकेसकडे पाहिलं. “मग थांबू नका,” त्या म्हणाल्या.

“किती वेळ?”

“मी बरण्या उचलते तोवर. मग पडा डावीकडे.”

पण गुडघ्यांमुळे सासूबाईंना खाली वाकायला एक मिनिट लागे आणि उठायला दोन. शिवाय एका वेळी एकच बरणी. तिसरी बरणी स्वयंपाकघरात पोचली तेव्हा जावईबापूंच्या मांड्या थरथरू लागल्या होत्या. घाम भुवयांवरून डोळ्यांत उतरत होता आणि तो पुसायला हात सोडणं शक्य नव्हतं. पुढचं चाक नळकांड्याच्या टोकापर्यंत गेलं आणि कसंबसं परत आलं.

“सरळ बघा!” सासूबाई ओरडल्या.

“सरळच बघतोय!”

इतक्यात जिन्यावर जड पावलं वाजली. हमालांनी उघडंच ठेवलेल्या दारात मालक उभे होते. हातात भाजीची पिशवी, डोळे लालभडक. मालक मुळात उंच आणि अबोल. आज तर ते खून करून आल्यासारखे दिसत होते.

“अकराला येणार होतो,” ते म्हणाले. “पण खाली कपाट भेटलं.”

“हो. गेलं ते,” जावईबापू भिंतीला म्हणाले.

“म्हणजे तुमचं ठरलं तर. मला न विचारता?”

“कपाट आमचंच होतं हो.”

“कपाटाचं नाही बोलत मी. जरा इकडे बघून बोलाल का?”

“बघता येत नाही!”

मालकांचा चेहरा पडला, पण तो बघणार कोण? “पाच मिनिटं थांबा तरी. माझं म्हणणं ऐकून घ्या.”

“थांबता येत नाही!”

“मी तुमच्यापेक्षा पंचवीस वर्षांनी मोठा आहे,” मालक आत येत म्हणाले. “दाराशी आलेल्या माणसासाठी थांबता येत नाही?”

“अहो, त्यांना खरंच येत नाही!” चौथी बरणी छातीशी धरून सासूबाई कळवळल्या. “चढता येतं, उतरता येत नाही. उतरायचं कपाट गेलं ना!”

हे वाक्य समजायला मालकांना दोन क्षण लागले. तेवढ्यात जावईबापूंचा उजवा पाय लटपटला, सायकल शोकेसकडे कलली आणि सासूबाईंनी डोळे मिटले. काचा फुटल्याचा आवाज मात्र आला नाही. डोळे उघडले तेव्हा टोमॅटो घरभर घरंगळत होते आणि मालकांनी एका हाताने सायकलची सीट, दुसऱ्या हाताने जावईबापूंचा दंड गच्च पकडला होता.

“टाच वळवतो,” जावईबापू धापा टाकत म्हणाले. टाच वळेना, पायांत त्राणच उरलं नव्हतं. शेवटी सासूबाईंनी बरणी ठेवली, खाली बसल्या आणि दोन्ही बुटांच्या नाड्या सोडल्या. जावईबापू मोज्यांवर जमिनीवर आले. बूट सायकललाच लटकत राहिले.

जावईबापूंनी पायाशी घरंगळलेला टोमॅटो उचलून मालकांना दिला. “मालक, चुकलं. आजपासून हे बंद. घर मात्र...”

“बंद?” मालक खुर्चीत मटकन बसले. “मग मी जाऊ कुठे?”

“तुम्ही?”

“चाळीस वर्षं छापखान्यात मशीनवर होतो. रिटायर झालो आणि झोप गेली. इतकं शांत असतं सगळं, डोळाच लागत नाही. मग दोन महिन्यांपूर्वी सकाळी सहाला तुमचं हे वर सुरू झालं.” मालकांनी डोळे चोळले. “अगदी मशीनसारखं. तुम्ही चालवता तेवढा वेळ मी मेल्यासारखा झोपतो. गुरुवारपासून बंद झालं, आणि तीन दिवस मी जागाच आहे. त्यात कपाट चाललेलं पाहिलं. म्हटलं, ही माणसं निघाली.”

“पण मग ती चिठ्ठी?”

“चिठ्ठीत काय लिहिणार? मला झोपवा म्हणून?” मालक शोकेसच्या काचेकडे बघत म्हणाले. “विचारणार होतो, सकाळची चाळीस मिनिटं पुरत नाहीत. सुटीच्या दिवशी दुपारीही तासभर जमेल का?”

जावईबापूंनी मांड्या चोळल्या. शर्यत जवळ आली होती हे खरं, पण रविवारची दुपार म्हणजे त्यांची स्वतःची झोपायची वेळ. ते काही म्हणणार, तोच सासूबाई बोलल्या.

“जमेल. करार तीन वर्षांचा करा.”

करार तीन वर्षांचा ठरला. रोलर खिडकीजवळ हलले, म्हणजे खिडकीचे गज धरून उतरता यावं. त्याच दुपारी दोन वाजता जावईबापू पहिल्यांदा कबूल केल्याप्रमाणे स्वार झाले. सासूबाई शेजारी स्टुलावर लक्ष ठेवून बसल्या. दहा मिनिटं झाली, वीस झाली. सकाळचे दमलेले पाय बोलू लागले. जावईबापूंनी हळूच गजाकडे हात नेला.

सासूबाईंनी तो हात वरच्यावर धरला आणि परत हँडलवर ठेवला. खिडकीतून खालच्या मजल्यावरचं दमदार घोरणं ऐकू येत होतं.

“आत्ता नको,” त्या कुजबुजल्या. “नुकताच डोळा लागलाय त्यांचा.”