तीन बोटांचे डॉक्टर

या, अशा जवळ सरका. किती दिवसांनी पाय लागले घराला, आणि दारातूनच घड्याळ काय बघताय? लांब बसू नका. गळ्याला, जबड्याला शेक घेतल्यापासून माझा आवाज चुलीपासून उंबऱ्यापर्यंतसुद्धा पोचत नाही, आणि मी काही बोलायची राहत नाही. मग तुम्ही अर्धं ऐकणार, अर्धं मनानं घालणार आणि बाहेर सांगणार, मंदाआक्का काहीही बोलते.

शेक म्हणजे कॅन्सरवर मशिनीखाली निजवून देतात तो. पुस्तकात त्याला रेडिओथेरपी म्हणतात, आमच्या काटेवाडीत शेक. पण आज मला माझं रडगाणं नाही गायचं. आज आमच्या डॉक्टर सोपानरावांचं सांगते.

हा माणूस कुणाला नमस्कार करत नाही. समोर कोणीही येवो, सरपंच येवो नाहीतर दूधवाला, उजव्या हाताची तीन बोटं एकावर एक अशी उभी आपल्या तोंडासमोर धरतात आणि विचारतात, “जातात?”

म्हणजे तुमची तीन बोटं तुमच्या तोंडात अशी उभी जातात का. गेली तर तोंड नीट उघडतंय. दोनच गेली तर जबडा आखडतोय, व्यायाम वाढवा. एकच गेलं तर डॉक्टर तिथंच रस्त्यात पिशवी खाली ठेवतात आणि आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांचा जुडगा बाहेर काढतात. दातांमध्ये एकावर एक काड्या सरकवत तोंड उघडायचा तो व्यायाम. तुम्ही शेक घेतलाय की नाही हा प्रश्न मागनं येतो.

बारामतीच्या स्टँडवर चहावाल्याला त्यांनी बोटं दाखवली, तर त्यानं तीन चहा आणून ठेवले. सोमेश्वरनगरला एका लग्नात तर कमालच झाली. नवरीचा मामा जरा तोंडातल्या तोंडात बोलत होता. डॉक्टरांना एवढंच पुरलं. “जातात?” मामा बिचारा घाबरला. हातात अक्षता, मंगलाष्टका चाललेल्या, आणि ह्यानं अक्षतांसकट बोटं तोंडात घातली. फोटोवाल्यानं नेमका तोच फोटो काढला. नवरीच्या अल्बमात आहे अजून. नवरी अंतरपाटाआड, मामा बोटं चघळतोय.

डॉक्टर मूळचे निरवांगीचे, म्हणजे माझ्या माहेरचे. त्यांचे वडील मेंढरं राखायचे. बाजारात मेंढीचा जबडा उघडून दात बघायचे आणि वय सांगायचे. पोरगं शिकलं, पुण्याला गेलं, मोठ्या दवाखान्यात आयुष्यभर लोकांना शेक दिला, आणि म्हातारपणी बारामतीत येऊन बापाचाच धंदा धरला. हे मी त्यांना तोंडावर म्हटलंय. ते म्हणाले, “मेंढ्या बऱ्या, आक्का. त्यांना एकदा आ करायला सांगितलं की पुरतं.”

आमची बारामतीत एक लहानशी संस्था आहे. शेक घेऊन वर्षं लोटलेल्या माणसांची. आजार जातो हो, पण शेक मागं राहतो. कुणाची लाळ आटते, कुणाची मान लाकूड होते, कुणाला दहा-दहा वर्षांनी गिळायला त्रास सुरू होतो. घरचे म्हणतात, बरी झालीस की, आता काय नवीन? म्हणून आम्ही महिन्यातनं एकदा जमतो. पाण्याच्या बाटल्या घेऊन बसतो, एकमेकांच्या काड्या मोजतो. बायका बायकांना विचारतात, “तुझ्या किती गं?” “सतरा. तुझ्या?” नवीन माणूस दारातनंच परत जातो.

संस्थेची पाटी रंगवली तेव्हा डॉक्टरांच्या नावाखाली ‘तज्ज्ञ वैद्यकीय सल्लागार’ असं घातलं. डॉक्टर आले, पाटी बघितली आणि पेंटरला म्हणाले, “तज्ज्ञ पुसा.”

“आवो साहेब, चांगला शब्द हाय. सगळेच घालत्यात.”

“पुसा म्हणतो ना.”

पेंटरनं वैतागून पांढरा पट्टा मारला. आजही पाटीवर तो पट्टा आहे. आम्हाला वाटलं, मोठी माणसं, लहर लागली.

लहरी काय कमी होत्या? जेवणाचीच घ्या. ह्या वयात डॉक्टरांची बत्तिशी शाबूत. ऊस दातानं सोलतील असे दात. आणि खातात काय? पेज. कुठंही जाऊ द्या, सोबत स्टीलचा डबा, त्यात गुरगुट्या भात नाहीतर ताकात कालवलेलं काहीतरी. कुणाच्या घरी पंगतीला बसले तरी पुरणपोळी बाजूला सारून डबा उघडणार. आमच्यातल्या बायकांना राग यायचा. मी एकदा विचारलंच, “आमच्या हातचं चालत न्हाय व्हय तुमाला?”

“चालतं. सवय नाही.”

मेंढरं राखणाराचा पोरगा आणि म्हणे भाकरीची सवय नाही! मी घरी येऊन सुनेला सांगितलं, पुण्याचं पाणी लागलं की माणूस असा होतो.

आता माझं सांगते, कारण ह्या गोष्टीतलं येडं माणूस डॉक्टर नाहीत.

संस्थेत माईक माझ्याकडे असतो. आवाज निघत नाही म्हणून दिला, पण मी तो सोडत नाही म्हणून राहिला. दर महिन्याला मी उभी राहते आणि डॉक्टरांनी शिकवलेलं सांगते, “बायांनो, बाप्यांनो, शेक घेतलेल्या जबड्याचा दात परस्पर उपटायचा न्हाय. आतलं हाड कमजोर झालेलं असतं. जखम भरत न्हाय, हाड कुजतं. वीस वर्षं झाली असली तरी आधी इचारायचं.” टाळ्या पडतात. एकदा टाळ्या पडत असतानाच डॉक्टर म्हणाले, “आक्का, तशाच उभ्या राहा. तोंड उघडा, बोटं घाला.” आणि मोबाइलवर माझा फोटो काढला. मला वाटलं पेपरात येणार. मी पदर सारखा केला, बोटांतली अंगठी दिसेल अशी धरली. फोटो कुठं गेला ते पुढं विचारायचं राहिलं.

मग माझी खालची डावी दाढ दुखायला लागली. गाल सुजून भोपळा. आणि नातीचा साखरपुडा चार दिवसांवर. आता डॉक्टरांना सांगावं तर ते म्हणणार, दाढेचा एक्स-रे काढा, औषध घ्या, दाढेची नस साफ करू, चार वेळा या. म्हणजे साखरपुड्याच्या सगळ्या फोटोंत आजी एका बाजूनं फुगलेली. मी मनाशी म्हटलं, सोळा वर्षं झाली शेकाला, आता काय होतंय? माईकवर सांगायचं ते लोकांसाठी असतं, आपल्यासाठी थोडंच.

सुनेला सांगितलं, माहेरी जाऊन येते. आणि गेले इंदापूरला. तिथं मला कोण ओळखतंय? तोंडाला मास्क, डोक्याला स्कार्फ, डोळ्यांवर सुनेचा गॉगल. एका दाताच्या दवाखान्याची पाटी दिसली, शिरले आत. फॉर्मवर नाव लिहिलं शांताबाई. पूर्वीचा मोठा आजार? लिहिलं, गुडघे. खोटं नव्हतं ते. अर्धं होतं.

डॉक्टरीण तरणीताठी, गोड बोलणारी. खुर्चीवर निजवलं, मास्क काढायला लावला, गॉगल काढायला लावला. “मावशी, आ करा.”

मी केलं. जेवढं होतं तेवढं.

“अजून मोठा.”

“एवढाच हाय बाई. लहानपणापासनं तोंड बारीक.”

ती थांबली. मग तिनं उजव्या हाताची तीन बोटं एकावर एक आपल्या तोंडासमोर उभी धरली.

“मावशी, जातात?”

मी नजर चुकवायला भिंतीकडे बघितलं आणि भिंतीवर मीच होते. एवढी मोठी! आ वासलेली, तोंडाशी बोटं, अंगठीसकट. खाली डॉक्टर सोपानरावांच्या अक्षरात लिहिलेलं, “तोंड पुरतं उघडत नसेल तर आधी विचारा, शेक घेतला होता का? घेतला असेल तर दात काढू नका. मला फोन करा.” हा माणूस बारामती-इंदापुरातल्या एकूण एक दातांच्या दवाखान्यात जाऊन माझं तोंड चिकटवून आला होता.

डॉक्टरणीनं भिंतीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. “शांताबाई, ह्या कोण?”

“बहीण,” मी म्हटलं. “जुळी.”

“अंगठी पण जुळी?”

मी तोंड मिटलं आणि गॉगल परत डोळ्यांवर चढवला. तिनं फोन लावला.

बारामतीहून डॉक्टर येईपर्यंत मी बाकड्यावर बसून सबबी जुळवल्या. दुखणं फार होतं. साखरपुडा होता. मी विसरले. शेवटी ठरवलं, गप शिव्या खायच्या.

डॉक्टर आले ते एका पायात चप्पल, दुसऱ्यात बूट. शर्टाची बटणं एक घर सोडून लावलेली. आणि हातात डबा नाही. डब्याशिवाय मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. माझ्याकडे न बघता त्यांनी डॉक्टरणीला विचारलं, “काढला?”

“नाही सर. हात पण लावला नाही.”

ते माझ्या शेजारी बसले. बोटं नाहीत, काड्या नाहीत, काही नाही. मला ते सोसेना.

“डॉक्टर, दोन शिव्या तरी द्या.”

“का केलंत, आक्का?”

“म्हटलं, सोळा वर्षं झाली. आता काय होतंय.”

त्यांनी मान हलवली. एवढी वर्षं पुण्यात राहून शुद्ध बोलणारा माणूस, पण आता बोलले ते निरवांगीचं बोलले. “मी बी हेच म्हनलो व्हतो.”

“कुणाला?”

“आमच्या हिला. शेक झाला व्हता तिला, तुमच्यासारकाच. दाढ दुकाया लागली. भाचीचं लग्न तोंडावर. मला इचारलं तिनं, आवो, काढली तर चालंल का? मी म्हनलो, सात वर्षं झाली, आता काय होतंय. मीच म्हनलो, आक्का. शेकाचा डॉक्टर.”

मग हळूहळू सांगितलं. जखम भरली नाही. हाड गेलं. नऊ वर्षं ती बाई पेजेवर जगली. ताटात पेज बघून तिनं कधी कुरकूर केली नाही, उलट ह्यांना म्हणायची, तुमी खावा की भाकरी, तुमची आवडती. “पर तिच्याम्होरं भाकरी मोडायची कशी? मी बी पेज प्यायला लागलो. ती जाऊन तीन वर्षं झाली. आता भाकरी हातात घेतली की घास वर जात न्हाय.”

मला पाटीवरचा तो पांढरा पट्टा आठवला. आणि सुनेला सांगितलेलं पुण्याचं पाणी आठवलं. गालाचं दुखणं त्या वेळी मला कमी वाटलं, इतकी लाज वाटली.

दाढ राहिली. डॉक्टरणीनं वरचा भाग झिजवला, नस साफ केली, मुळं तिथंच ठेवून वरनं बंद केली. चार वेळा जावं लागलं. साखरपुड्याच्या फोटोत मी एका बाजूनं फुगलेलीच आहे. नात म्हणते, आजी, तू फोटोत लाडू कोंबल्यासारखी दिसतेस. दिसू दे. पुढच्या महिन्यात मी माईकवर ही सगळी फजिती सांगितली, शांताबाईसकट. टाळ्या नेहमीपेक्षा जास्त पडल्या. डॉक्टरांच्या बायकोचं मात्र नाही सांगितलं. आता तुम्हाला सांगतेय, ते डॉक्टरांनीच सांगा म्हटलं म्हणून. ते म्हणाले, कुणाची एक दाढ वाचली तरी सांगत जा.

मग एका रविवारी मी त्यांना जेवायला बोलावलं. आले, डबा घेऊन. मी ज्वारीच्या भाकऱ्या केल्या, चुलीला लावून कडक केलेल्या. मटकीची आमटी. माझ्या ताटात भाकरी कुस्करून आमटीत भिजवली, कारण लाळेशिवाय मला कोरडा घास उतरत नाही. त्यांच्या ताटात अख्खी भाकरी ठेवली.

ते भाकरीकडे बघत राहिले.

“मोडा,” मी म्हटलं. “मला वाईट वाटायचं न्हाय. मला खाता येत न्हाय, पर भाकरी मोडल्याचा आवाज आवडतो. ह्या घरात कुणी माझ्यासमोर मोडतच न्हाय. सून पण चोरून खाती. लई मोठा उपकार करतीया जणू.”

त्यांनी कडेचा एक तुकडा मोडला. टच्‌ असा आवाज झाला. तो घास ते किती वेळ चावत होते, मी मोजलं नाही. मग डबा उघडला आणि उरलेलं जेवण पेजेवरच केलं.

आता रविवारी येतात. गेल्या खेपेला चतकोर झाली. डबा अजून सोबत असतो, पण आधी उघडत नाहीत. एवढंच, की माझ्या एकटीसमोर अवघडतात. ताटात मी भिजवलेलं खाते ना, नजर सारखी तिकडं जाते त्यांची. मला वाटतं, पंगतीला दोन-चार माणसं असली, गप्पा चालल्या, तर अर्धी भाकरी कधी संपली ते त्यांना कळायचं पण नाही.

परत घड्याळ बघितलंत? बरं, जा आज. पण येत्या रविवारी या बघा, नक्की या. दारात डॉक्टर भेटले तर बोटं धुऊन ठेवलेली असू द्या, ते विचारल्याशिवाय आत सोडायचे नाहीत. भाकऱ्या मी थापते. तुम्ही फक्त त्यांच्या शेजारी बसा आणि कोरडी भाकरी मोडा, जरा आवाज करून.